अक्षराची साक्ष

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दहावीतली एक मुलगी राहते. संभाजीनगरातल्या आमच्या गारखेड्यात संध्याकाळी वीज गेली की अर्धी इमारत जिन्यात येऊन बसते. तशीच ती त्या दिवशी विज्ञानाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मोबाईलच्या उजेडात दोन पानं उलटली आणि एकदम म्हणाली, "काकू, वर्गातली मुलं म्हणतात, अभ्यास कितीही झाला तरी एखादी चिठ्ठी जवळ असलेली बरी. एका चिठ्ठीनं कुणाचं काय बिघडतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. "वाईट असतं ते" हे उत्तर तिला आधीच माहीत होतं, आणि तरीही तिनं प्रश्न विचारला होता. म्हणून मी शोधायला लागले. एका चिठ्ठीच्या मागे जाता जाता चीनच्या राजदरबारापासून माणसाच्या मेंदूपर्यंत जावं लागेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

एका पाकिटाचा प्रवास

आधी आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट बघू. राज्य मंडळाच्या परीक्षेला दरवर्षी बारावीचे सुमारे 15 लाख आणि दहावीचे सुमारे 16 लाख विद्यार्थी बसतात. मंडळाचे 9 विभाग आहेत. त्यातल्या आपल्या छत्रपती संभाजीनगर विभागात संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे 5 जिल्हे येतात. एवढ्या मुलांसमोर एकाच दिवशी, एकाच वेळी तोच प्रश्न पडला पाहिजे आणि त्याआधी तो कुणाच्याही नजरेला पडता कामा नये. किती अवघड गोष्ट आहे ही!

त्यासाठी प्रश्नपत्रिका त्या जपणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे परीरक्षकाच्या ताब्यात, कडीकुलपात असतात. तिथून त्या केंद्रावर पोचवणाऱ्या माणसाला सहायक परीरक्षक म्हणतात, बोलीत 'रनर'. त्याच्या मोबाईलचं जीपीएस चालू ठेवावं लागतं आणि पाकिटं ताब्यात घेतानाचं, देतानाचं चित्रीकरण करावं लागतं. केंद्रावर केंद्र संचालक असतो, वर्गात पर्यवेक्षक. केंद्रावर ठाण मांडून बसणारं बैठं पथक असतं आणि कुठूनही, केव्हाही येऊन धडकणारं भरारी पथकही असतं.

वेळापत्रकातल्या 10 मिनिटांचीही एक गोष्ट आहे. पूर्वी मुलांना प्रश्नपत्रिका शांतपणे वाचता यावी म्हणून ती 10 मिनिटं आधी, म्हणजे 10 वाजून 50 मिनिटांनी हातात मिळायची. किती चांगल्या हेतूनं दिलेली सवलत! पण त्या 10 मिनिटांत प्रश्नपत्रिकेचे फोटो मोबाईलवरून फिरायला लागले. 2023 च्या परीक्षेपासून मंडळानं ती सवलत बंद केली आणि तीच 10 मिनिटं पेपरच्या शेवटी जोडली. म्हणून आज तीन तासांचा पेपर 11 ला सुरू होतो आणि 2 वाजून 10 मिनिटांनी सुटतो. चिठ्ठीनं कुणाचं काय बिघडतं, याचं पहिलं उत्तर मला इथे मिळालं. थोड्या लोकांच्या लबाडीमुळे लाखो मुलांची प्रश्नपत्रिका निवांत वाचायची ती वेळ गेली.

पाकीट शेवटी जिथे उघडतं ती जागा मला सगळ्यात जास्त आवडते. एका वर्गात 25 मुलं, म्हणून एका पाकिटात 25 प्रश्नपत्रिका. ते सीलबंद पाकीट पर्यवेक्षक वर्गातच, मुलांसमोर उघडतात. उघडण्याआधी वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांना बोलावतात. ते दोघे सील शाबूत असल्याचं बघतात आणि पाकिटावर सही करतात. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

372 उत्तरपत्रिका

आता आपल्याच विभागातली एक गोष्ट. फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये बारावीची परीक्षा झाली. भौतिकशास्त्राचा लेखी पेपर 70 गुणांचा. उत्तरपत्रिका तपासायला गेल्या. तपासणीची उतरंड अशी असते की आधी परीक्षक तपासतो, त्याचं काम नियामक पडताळतो आणि त्याच्यावर मुख्य नियामक असतो. या तपासणीत काही उत्तरपत्रिका वेगळ्या वाटल्या. एकाच उत्तरपत्रिकेत दोन अक्षरं. काही उत्तरं एका वळणाची, काही दुसऱ्याच. मोजता मोजता अशा 372 उत्तरपत्रिका निघाल्या.

विद्यार्थ्यांना विभागीय मंडळात सुनावणीसाठी बोलावलं गेलं. हे दुसरं अक्षर आमचं नाही, असं मुलांनी सांगितलं. प्रकरण पुढे पोलिसांपर्यंत गेलं. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती सतरा-अठरा वर्षांची मुलं. आपलीच उत्तरपत्रिका आपल्याला परकी वाटावी, आणि 'हे मी लिहिलेलं नाही' असं मोठ्या माणसांसमोर बसून सांगावं लागावं, हा केवढा विचित्र प्रसंग! निकालाच्या तोंडावर त्यांच्या घरात काय चाललं असेल, याचा विचार करवत नाही.

पण यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. तीन तासांचा कडक बंदोबस्त, सीलबंद पाकिटं, पथकं हे सगळं ओलांडून जी लबाडी उत्तरपत्रिकेत शिरली, ती शेवटी अक्षराच्या वळणानं उघडी पडली. प्रत्येक माणसाचं अक्षर इतकं त्याचं स्वतःचं का असतं?

भिंतीवरची सही

हा प्रयोग घरी करून बघा. वहीवर पेनानं सही करा. मग अंगणात किंवा गच्चीच्या भिंतीवर खडूनं हातभर मोठी सही करा. वहीवर सही करताना बोटं आणि मनगट हलतात. भिंतीवर करताना बोटं स्थिर राहतात आणि खांदा, कोपर हलतात. म्हणजे दोन्ही वेळा मुख्य काम करणारे स्नायू वेगळे. तरीही दोन्ही सह्या एकमेकींच्या बहिणी वाटतात. वेलांटीचा तोच फेर, शेवटच्या रेघेचा तोच झटका.

1977 मध्ये मार्क रायबर्ट या संशोधकानं याच्याही पुढे जाऊन बघितलं. एकच वाक्य त्यानं उजव्या हातानं, मनगट बांधून, डाव्या हातानं, दातांत पेन धरून आणि पायाला पेन बांधून लिहिलं. रेघा थरथरल्या, पण अक्षराची ठेवण ओळखता येण्याइतकी तीच राहिली. पुढे 1999 मध्ये संशोधकांनी मेंदूचं चित्रण करत माणसांना हाताच्या बोटानं आणि पायाच्या अंगठ्यानं सही करायला लावली. पायानं सही करतानाही मेंदूचे जे भाग जागे झाले, त्यात बोटानं सही करतानाचेच काही भाग होते.

म्हणजे अक्षर हाताच्या आत नसतं. ते मेंदूत, हालचालींच्या आराखड्याच्या रूपानं साठवलेलं असतं. पाटीवर गिरवलेल्या पहिल्या 'अ' पासून हजारो वेळा घोटून तो आराखडा तयार झालेला असतो. कुठे पेन दाबायचा, कुठे उचलायचा, दोन शब्दांत किती जागा सोडायची, ओळ कुठे चढते नि कुठे उतरते, हे आपण ठरवत नाही, ते होत जातं. म्हणूनच दुसऱ्याचं अक्षर एखाद्या शब्दापुरतं उतरवता येतं, पण पानभर टिकवता येत नाही. काही ओळींनंतर आपला आराखडा डोकं वर काढतोच. त्या 372 उत्तरपत्रिकांमध्ये दुसऱ्याच कुणाच्या तरी बालपणीची पाटी डोकावत होती.

काळी शाई, लाल शाई

अक्षर इतकं बोलकं असेल तर त्याचा उलटा धोकाही आहे. तपासणाऱ्यानं अक्षर ओळखलं तर? हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये पडला होता.

चीनमध्ये राज्यकारभारासाठी अधिकारी निवडण्याची परीक्षा सुमारे 1300 वर्षं चालली आणि 1905 मध्ये बंद झाली. नानजिंग शहरातल्या परीक्षेच्या आवारात एकेका उमेदवारापुरत्या 20 हजारांहून जास्त खोल्या होत्या. उमेदवार त्यात कोंडून घेऊन दिवसचे दिवस लिहीत. आत जाण्याआधी झडती व्हायची. तरीही लोक युक्त्या करत. आतल्या कपड्यांवर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथच्या ग्रंथ लिहून नेत. असे कपडे आजही बघायला मिळतात. आपल्याकडची झेरॉक्सच्या दुकानात बारीक करून घेतलेली 'मायक्रो' कॉपी ही त्याच कपड्याची नात.

पण लबाडीपेक्षा त्यावर शोधलेला उपाय जास्त नवलाचा आहे. सोंग राजवटीत उमेदवाराचं नाव झाकून उत्तरपत्रिका तपासायला देण्याची पद्धत पक्की झाली. लवकरच लक्षात आलं की नाव झाकलं तरी अक्षर झाकलं जात नाही. ओळखीचा परीक्षक वळणावरून माणूस ओळखतो. म्हणून 11 व्या शतकाच्या सुरुवातीला लेखनिकांचं एक खातंच उभं राहिलं. हे लेखनिक प्रत्येक उत्तरपत्रिका जशीच्या तशी पुन्हा लिहून काढायचे आणि परीक्षकाच्या हाती ती नक्कल पडायची. पुढच्या काळात उमेदवाराची मूळ उत्तरपत्रिका काळ्या शाईत आणि लेखनिकाची प्रत लाल शाईत, असा नियमच झाला. यंत्र नाही, छपाईचा उपयोग नाही, आणि हजारो माणसांची पानंच्या पानं हातानं उतरवून काढायची! कशासाठी? तर गावाकडच्या गरीब मुलाची उत्तरं आणि मंत्र्याच्या मुलाची उत्तरं परीक्षकासमोर सारखीच, लेखनिकांच्या अक्षरात यावीत म्हणून.

आपल्या उत्तरपत्रिकेवरचा बारकोड हेच काम करतो. बैठक क्रमांक झाकला जातो आणि पुढच्या प्रवासात ती उत्तरपत्रिका कुणाची हे तपासणाऱ्याला कळत नाही. गारखेड्यातल्या मुलीची उत्तरपत्रिका, कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाची आणि एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या मुलाची, तिघांचीही ओळख म्हणजे काही काळ्या रेघा. हे मला कळलं तेव्हा परीक्षेकडे बघण्याची माझी नजरच बदलली. परीक्षेचा धाक वाटतो, त्रास वाटतो, हे खरं. पण ज्याला ओळखपाळख नाही, ज्याच्यासाठी फोन करणारं कुणी नाही, त्याच्या बाजूनं उभं राहणारी एवढी मोठी व्यवस्था दुसरी कुठली? चिठ्ठी जाते ती याच व्यवस्थेच्या मुळाशी. ज्याला चिठ्ठी पुरवणारं कुणी आहे तो पुढे सरकतो आणि ज्याच्याजवळ फक्त स्वतःचा अभ्यास आहे तो मागे राहतो.

चुकांचा ठसा

वस्तुनिष्ठ प्रश्नांत अक्षर नसतं, फक्त पर्याय निवडायचा असतो. तिथे लबाडी कशी कळणार? याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं जास्त बोलतात.

दोन मुलांची दहाही उत्तरं बरोबर आली तर त्यात नवल नाही, दोघांनीही अभ्यास केला असेल. पण बरोबर असण्याची वाट एकच असते आणि चुकण्याच्या वाटा अनेक. समजा प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत, म्हणजे तीन चुकीचे. दोन मुलं त्याच पाच प्रश्नांत चुकली आणि तिन्ही चुकीचे पर्याय सारखेच मोहात पाडणारे असतील, तर पाचही वेळा दोघांनी निव्वळ योगायोगानं तोच चुकीचा पर्याय निवडण्याची शक्यता 243 मध्ये 1. दहा प्रश्नांसाठी ती 59,049 मध्ये 1. प्रत्यक्षात काही चुका सगळेच करतात, त्यामुळे हिशोब जपून करावा लागतो. तरी तत्त्व तेच राहतं. माणसाची चूकही त्याच्या अक्षरासारखीच त्याची स्वतःची असते.

याच तत्त्वावर अमेरिकेत ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या सरकारी शाळांच्या उत्तरपत्रिका गणितानं तपासल्या. त्यांनी शोधल्या त्या एकाच वर्गातल्या अनेक मुलांच्या सलग सारख्या उत्तरांच्या माळा आणि एका वर्षापुरते उसळून पुढच्या वर्षी कोसळलेले गुण. 2003 मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष होता की दरवर्षी किमान 4 ते 5 टक्के प्राथमिक वर्गांत शिक्षक किंवा व्यवस्थेतल्या मोठ्यांनीच उत्तरं बदललेली असावीत. मुलं नव्हे, मोठी माणसं. कारण शाळेची पत मुलांच्या गुणांना बांधलेली होती.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 2002 मध्ये संशयित वर्गांची पुन्हा परीक्षा घेतली गेली. सोबत काही असेही वर्ग घेतले ज्यांचे गुण खूप वाढले होते, पण उत्तरांत लबाडीची खूण नव्हती. संशयित वर्गांचे गुण धाडकन खाली आले. दुसऱ्या वर्गांचे टिकून राहिले. म्हणजे लबाडी पकडणारं तेच गणित खऱ्या चांगल्या शिक्षकाची साक्षही देत होतं. कॉपी बोकाळलेल्या ठिकाणी सगळ्यात मोठं नुकसान अशाच शिक्षकाचं होतं. त्याच्या मुलांनी मिळवलेल्या गुणांकडेही लोक संशयानं बघतात आणि त्याच्याजवळ पुरावा नसतो.

कोऱ्या जागेतली दोन मिनिटं

आता थेट डोक्याच्या आत जाऊ. परीक्षेत एक क्षण सगळ्यांच्या वाट्याला येतो. प्रश्न ओळखीचा असतो, उत्तर वाचलेलं असतं, पान कुठलं तेही आठवतं, पण उत्तर येत नाही. पेन थांबतो. आपण छताकडे बघतो. हीच ती वेळ, जेव्हा हात चिठ्ठीकडे जातो.

2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटानं ते पुन्हा वाचले. दुसऱ्या गटानं पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

परत परत वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असा आपला गोड गैरसमज होतो. प्रत्यक्षात स्मरण पक्कं होतं ते शोधण्यातून. शेतातून पायवाट तयार होते ती चालून, वाटेकडे बघून नव्हे. छताकडे बघत घालवलेल्या त्या दोन मिनिटांत मेंदू ती वाट तुडवत असतो. परीक्षा ही शिकलेलं मोजण्याची पट्टी आहे, असं आपण मानतो. पण आठवून लिहिताना ती शिकवतही असते! चिठ्ठी गुण देते, पण नेमकी ती दोन मिनिटं घेऊन जाते. आणि दोन मिनिटांनंतरही उत्तर आलं नाही तर राहते कोरी जागा. ती कोरी जागासुद्धा मोलाची असते. इथे वाट झालेली नाही, हे ती शिक्षकाला आणि मुलाला खरं खरं सांगते. त्या 372 उत्तरपत्रिकांत दुसऱ्या हातानं जे काही भरलं, त्यानं हे खरं सांगणंच पुसून टाकलं.

'कॉपी करणारा मुलगा' कुठे असतो?

मग कॉपी थांबवायची कशी? आपण सहज म्हणतो, "काही मुलं असतातच तशी." 1920 च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हे तपासायचं ठरवलं. 8 ते 16 वयाच्या सुमारे 11 हजार मुलांना त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी लबाडीची संधी दिली. वर्गात, घरी, खेळात. एका चाचणीत कागदावर लहान-मोठी वर्तुळं होती आणि डोळे मिटून प्रत्येकात ठिपका द्यायचा होता. डोळे खरोखर मिटले तर हे जवळजवळ अशक्य. म्हणजे ज्याचे ठिपके अचूक वर्तुळात, त्यानं डोळे किलकिले केलेले.

1928 मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. 'प्रामाणिक मुलं' आणि 'लबाड मुलं' अशा दोन स्वच्छ रांगा लागतच नव्हत्या. वर्गात उत्तर चोरणारा मुलगा खेळात प्रामाणिक होता, आणि खेळात गुण वाढवून सांगणारी मुलगी वर्गात सरळ वागली होती. प्रसंग बदलला की वागणं बदलत होतं. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. कुठल्याही मुलाच्या कपाळावर 'कॉपीबहाद्दर' असा शिक्का मारायचं कारण नाही. बदलायचा आहे तो प्रसंग.

आपल्या मराठवाड्यानं हे करून दाखवलेलं आहे. 2010 च्या सुमारास नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली. महसूल, पोलीस आणि शिक्षण खातं एकत्र उतरलं. पहिला परिणाम म्हणजे निकाल घसरला. तो घसरलेला निकाल लोकांसमोर ठेवायला केवढं धैर्य लागलं असेल! पण तापमापीतला पारा खरा आकडा दाखवायला लागला, की मगच औषध ठरवता येतं. ही मोहीम पुढे राज्यभर 'कॉपीमुक्त अभियान' म्हणून गेली.

कायदा तर 1982 पासून आहे. विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रानं स्वतंत्र अधिनियम केला. 2025 च्या परीक्षेत, ज्या केंद्रांवर आधी गैरप्रकार आढळले होते तिथे केंद्र संचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांमधले नेमायचं ठरलं. हाही प्रसंग बदलण्याचाच मार्ग. आपल्याच शाळेच्या निकालाची काळजी असलेल्या माणसाला आपल्याच मुलांवर पहारा करायला लावणं, हे त्या माणसावरही अन्याय करणारं असतं.

त्याच वर्षी 20 ते 26 जानेवारीला कॉपीमुक्तीचा जनजागृती सप्ताह झाला आणि शाळाशाळांतून मुलांनी शपथ घेतली. शपथेचा किती उपयोग होतो? 2012 मध्ये एक निबंध गाजला होता. अर्जाच्या शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीलाच 'मी खरं लिहीन' अशी सही घेतली तर लोक जास्त प्रामाणिक वागतात, असा त्याचा दावा. जगभर त्याचे दाखले दिले गेले. 2021 मध्ये तो मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट असल्याचं उघड झालं. प्रामाणिकपणावरच्याच संशोधनात हे घडावं, याचं वाईट वाटलं. पण त्या आकड्यांचे न जुळणारे सांधे पकडले तेही संशोधकांनीच, आकडे पुन्हा तपासून. म्हणजे मोठ्यांच्या जगातही उत्तरपत्रिका तपासणारे, नियामक, मुख्य नियामक लागतातच. मुलांनी शपथ जरूर घ्यावी. सगळा भार मात्र तिच्यावर टाकू नये.

भार उचलायचा तो रोजच्या वर्गानं. गुणांशिवायच्या छोट्या छोट्या चाचण्या, पुस्तक मिटून 'आठवेल ते लिहा' असली दहा मिनिटं, प्रयोगवहीत चुकीचं निरीक्षण आलं तर ते खोडू न देता का आलं हे विचारणं. वर्षभरात ज्या मुलाला पन्नास वेळा 'येत नाही' म्हणता आलं आणि त्यावर कुणी हसलं नाही, त्याला मार्चमध्ये कोऱ्या जागेची भीती कमी वाटते. कॉपी रोखण्याची सुरुवात जूनमध्ये होते. फेब्रुवारीतलं भरारी पथक फार उशिरा येतं.

पाकिटावरची सही

हे सगळं मी त्या मुलीला भाषण म्हणून सांगितलं नाही. एका रविवारी गच्चीवर गेलो आणि तिला पाण्याच्या टाकीवर खडूनं सही करायला लावली. मग वहीत. दोन्ही सह्या बघून ती बराच वेळ गप्प होती. "म्हणजे हे माझ्या डोक्यात लिहिलेलं आहे?" तिनं विचारलं. मग पुस्तक मिटून भिंगाचं सूत्र आठवायला सांगितलं. तिनं छताऐवजी आभाळाकडे बघितलं. मी घड्याळ बघत होते. दीड मिनिट काहीच नाही. मग तिनं एक चिन्ह चुकीचं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बरोबर आलं. त्या रात्री जिन्यातून जाताना तिनं ते सूत्र मला न विचारताच म्हणून दाखवलं.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी पाकिटावरून दिलं. पेपरच्या दिवशी पर्यवेक्षक ते सीलबंद पाकीट घेऊन वर्गात येतील आणि दोन मुलांना पुढे बोलावतील. राज्यभरातल्या लाखो मुलांसाठी इतके दिवस जपलेली गोष्ट शेवटच्या क्षणी तपासायला दिली जाते ती अधिकाऱ्याला नव्हे, पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुलांना. आपण त्यांच्यावर पहारा ठेवतो हे खरं, पण त्याच सकाळी आपण त्यांना साक्षीदारही करतो. त्यांनी सही केली की मगच पाकीट उघडतं.

"आणि मलाच बोलावलं तर?" ती म्हणाली.

"तर सील नीट बघ," मी म्हटलं, "आणि सही कर."

टाकीवरची तिची सही अजून तशीच आहे. पावसाळ्यापर्यंत राहील.